अळ्यांचा वर्षावास

सासूबाईंनी आषाढी पौर्णिमेला वर्षावास धरला. म्हणजे तीन महिने शील कडक पाळायचं, मुंगीसुद्धा मारायची नाही. त्याच आठवड्यात लिलीवर अळ्या पडल्या. त्यांना कुणीतरी निरोप धाडला असावा.

लिली सासूबाईंचीच. त्या, म्हणजे पार्वतीबाई, कन्हानचं क्वार्टर सोडून आमच्याकडे बेसाला राहायला आल्या, तेव्हा भांड्यांच्या आधी लिलीचे कांदे उतरवून घेतले होते. सकाळच्या वंदनेला त्यातलंच पांढरं फूल लागायचं. ती लिली आता मरत होती आणि मी तिला मरू देणार नव्हते, कुणाचं व्रत असो की नसो.

आधी वाटलं, पाणी जास्त झालं. पानांवर पारदर्शक चट्टे पडले होते. पान उलटून पाहिलं तर काळ्या अंगावर पांढरे-केशरी ठिपके, नटूनथटून बसलेली अख्खी वरात. या अळ्या पान आतून पोखरत कांद्यापर्यंत उतरतात. एक कांदा उकरला, तर बोट सरळ आत गेलं आणि घाण वास आला. अळीनं पाडलेल्या भोकातून बुरशी शिरली होती. दुखणी दोन, तर औषधंही दोन लागणार होती.

मी पंप भरला. सासूबाई आडव्या आल्या.

“मारू नको वं भावना. मी घेते वेचून.”

रोज सकाळी त्या अळ्या डब्यात वेचून भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर सोडून यायच्या. तरी आमच्याकडे नव्या अळ्या हजर. शेवटी एकदा मी त्यांच्या मागोमाग गेले. पलीकडे आमच्याच लिलीचे कांदे ओळीनं लावलेले होते, आळी करून, पाणी घालून.

“हे काय हो आई?”

“मंग काय खातीन त्या? उपाशी मारू काय?”

माझं डोकंच फिरलं. आम्ही अळ्यांची खानावळ चालवत होतो. तिथं त्या पोसायच्या, त्यांची पाखरं व्हायची आणि भिंत ओलांडून आमच्या पानांवर अंडी घालायची. हे सगळं मी त्यांना चढ्या आवाजात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं.

“बुरशीले जीव असते काय वं?”

“असते. दह्यातल्या जंतूलेही असते, अन् दही तुम्ही रोज खाता.”

त्या म्हणाल्या, “बुरशीचं कर तू. अळीले हात नको लावू.”

मला तेवढं पुरे होतं. सगळे कांदे उपटले. निम्मे फेकावे लागले. उरलेल्यांचा मऊ भाग पांढरं लागेपर्यंत कापला, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवले. जुन्या मातीत कोष असणार, म्हणून ती त्यांच्या देखत पलीकडे नेऊन टाकली आणि नव्या मातीत कांदे लावले. आता पाखरांना अडवायचं होतं.

“आई, एखादी जुनी मच्छरदाणी आहे काय?”

“आहे ना पेटीत.”

चार काठ्या रोवून वाफ्यावर मच्छरदाणी ताणली, कडा विटांखाली दाबल्या. पाखरांना आमच्याकडे वाटच उरली नाही. ती पलीकडच्या लिलीवर अंडी घालू लागली, म्हणजे खानावळही कामी आली.

हळूहळू कोवळी पानं वर आली. एकावरही चट्टा नव्हता. मी जिंकल्याच्या तोऱ्यात सांगायला गेले. सासूबाई वंदना आटोपून बसल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत मच्छर चावून लाल झालेले. मागे पलंगाचे दांडे मच्छरदाणीविना उघडे.

“पेटीतली म्हणाल्या होत्या ना तुम्ही?”

“दिवसा पेटीतच राहे ती. खोटं कुठं बोलली मी?”

“मी कॉइल लावते.”

“नको वं. अळ्यायले लिली लावली. मच्छरायले मी आहो.”

मला राग आला आणि रडूही आलं. असल्या बाईपुढे कुणी काय जिंकायचं?

नवी मच्छरदाणी आणेपर्यंत मी आमची सोडली आणि त्यांच्या पलंगावर बांधली. नवरा, नागसेन, दारात उभा राहून पाहत होता.

“अन् आपण काय करायचं?”

“आपल्याले मारता येते ना,” मी म्हटलं.