ओरिजिनल घरी आहे

ग्रीन कार्डाची वाट पाहून आधीच पिचलेल्या गिरीशच्या नशिबी आता घरासमोर गाडी लावायच्या परमिटचीही वाट पाहणं आलं होतं. तोवर काम भागवायला सिटी हॉलने कागदी पास दिला होता, तरी दंडाचं तिकीट मिळालंच. म्हणून तो रजा टाकून भांडायला आला होता.

काउंटरवरच्या बाईंनी गाडीचा फोटो पुढे केला. "काचेमागे दिसतेय ती पासची झेरॉक्स आहे. ओरिजिनल कुठाय?"

"घरी, फाइलमध्ये," गिरीश ठसक्यात म्हणाला. "या देशात आल्यापासून मी ओरिजिनल कागद घराबाहेर काढत नाही."

"मग तो गाडीत लावायला नाही, तर कशाला दिला होता?"

गिरीशचा आवेशच ओसरला. बाईंना कीव आली असावी. त्यांनी तिकीट रद्द केलं आणि तयार होऊन आलेलं परमिटही हातात ठेवलं. "काचेला चिकटवा. एकदा चिकटलं की निघत नाही, काढायला गेलात तर फाटतं."

गाडीत बसून त्याने स्टिकरचा मागचा कागद अर्धा सोलला. मग कागद पुन्हा नीट दाबून बसवला, परमिट घरच्या फाइलसाठी जपून बॅगेत ठेवलं आणि बायकोला फोन लावला.

"चारुता, उशीर होईल गं. गाडी लांब लावून चालत येतोय."