बारा बोटी, एक जाळं

"आठवी बोट, ठीक," इन्स्पेक्टर रघुपती म्हणाला आणि पानाची पिंक समुद्रात टाकली. समुद्र सांभाळायचा पगार घेणाऱ्या माणसाने समुद्राला दिलेली तेवढीच एक गोष्ट.

वरलक्ष्मीने जाळं हातात घेतलं. मत्स्य खात्यात फील्ड असिस्टंट म्हणून तिची बत्तीस वर्षं गेली होती. रोज पहाटे तंजावूरहून बस पकडून ती या धक्क्यावर येई. एकसष्ट दिवसांची मासेमारी बंदी आज रात्री संपणार होती. त्याआधी प्रत्येक ट्रॉलरचं जाळं तपासायचं, भोकं चाळीस मिलिमीटरची आहेत असं लिहायचं, शेवटी सगळ्या फॉर्मवर साहेबांची आणि तिची सही. भोकं बारीक असली की पिल्लंही सुटत नाहीत, मग बंदी पाळून उपयोग काय?

या जाळ्याची भोकं नियमाप्रमाणे होती. असणारच. त्याची फाटलेली कड हिरव्या दोऱ्याने विणली होती, आणि तो हिरवा दोरा तिने सकाळपासून सात बोटींवर पाहिला होता. साहेब एका बोटीवर चहा घेईपर्यंत जाळं मागच्या अंगाने पुढच्या बोटीवर पोचत होतं. खरी जाळी खाली बर्फाच्या कप्प्यात दडलेली. चोरीसुद्धा धड करायची अक्कल नाही, आणि करायची गरजही नाही, कारण तपासायला रघुपती आलेला.

"सार, हे तेच जाळं आहे," ती म्हणाली.

रघुपती तिच्यासारखाच तंजावूरच्या जुन्या मराठी कुळातला, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. धक्क्यावर कोणाला कळू नये असं काही बोलायचं असलं की त्याला मराठी आठवे. एरवी घरात पोरांशीही तो तमिळच बोले.

"अक्का, सही घाल," तो हसत मराठीत म्हणाला. "ह्या लोकांला काय कळतें? तीन आठवड्यांत तूं रिटायर. तुझी पेन्शनची फाइल माझ्या मेजावर आहे, म्हणून सांगतों."

बोटमालक समजल्यासारखे मान डोलवत उभे होते. पलीकडे लहान होड्यांचे कोळी उकिडवे बसले होते. किनाऱ्याजवळची पिल्लं खरवडून नेली की उपाशी राहायचे ते हेच.

वरलक्ष्मीला त्याची किळस आली. आजीच्या तोंडची भाषा याने लाच लपवायला वापरावी, याची जास्त आली.

तिने तमिळमध्ये, शेवटच्या होडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "साहेब म्हणतात, सही केली नाहीस तर पेन्शन अडवीन. आठही बोटींवर जाळं एकच आहे. मी सही करणार नाही."

रघुपतीचा चेहरा उतरला, पण घटकाभरच. असल्या माणसांचं तोंड फार वेळ पडत नाही. त्याने ड्रायव्हर नटराजला हाक मारली आणि बाराही फॉर्मवर त्याची सही घेतली. मग जीप निघून गेली, तिला न घेता. कुंपणानेच शेत खाल्लं.

पहाटे बाराही बोटी सुटल्या. दोन दिवसांनी परतल्या तेव्हा धक्क्यावर बोटाएवढ्या माशांचा ढीग पडला, कोंबडीखाद्याच्या कारखान्यात पाठवायचा. वरलक्ष्मी ढिगाशी जाऊन उभी राहिली. पेन्शनची फाइल 'अपूर्ण' म्हणून कालच परत आली होती.

"अक्का, जरा बाजूला," हमाल म्हणाला.

ती हलली नाही. मग त्यांनी तिचे पाय वाचवून फावडी चालवली आणि ट्रक भरला.