तांबड्या सिग्नलचा तोडगा

सिग्नल तांबडा झाला, तेव्हा गाडी नियमाप्रमाणे थांबली आणि नियमाप्रमाणेच पुढे निघाली. मागचा डबा जिथल्या तिथे उभा राहिला, पुढचा डबा सावकाश चालू लागला आणि मधला डबा लांबत गेला. कुणी किंचाळलं नाही. मागच्या डब्यात साहेबांच्या बायका बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून त्याच बाभळीकडे आणि तिच्याखालच्या त्याच शेळीकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं.

त्यांच्यात बसलेल्या शरयू खानझोडेला मात्र हसू आलं. हा तोडगा तिच्या नवऱ्याचा होता. रेल्वेच्या रुळांवरून मेट्रो चालवायची ठरली, तेव्हा दोन्हीकडचे साहेब लोक एकाच प्रश्नावर चहा ढोसत बसले होते: सिग्नल तांबडा असला तर काय करायचं? मेट्रोवाले म्हणत, काही झालं तरी हलायचं नाही. रेल्वेवाले म्हणत, जरा थांबायचं आणि मग जपून पुढे जायचं. एवढ्यावरून एकमेकांचं तोंड बघेनासे झाले शहाणे. शेवटी समितीचा अध्यक्ष प्रभाकर खानझोडे याने घसा खाकरला आणि निकाल दिला, "दोघांचंही बरोबर आहे. दोन्ही नियम पाळावेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि समोसे मागवले.

शरयूला हा निकाल नवा नव्हता. लग्नानंतर तिला वर्ध्याच्या शाळेत नोकरी लागली आणि सासूबाई नको म्हणाल्या, तेव्हाही या गृहस्थाने असाच घसा खाकरला होता. आईचंही बरोबर, तुझंही बरोबर. त्याप्रमाणे शरयूने नोकरी घेतली आणि ती एकदाही वर्ध्याला गेली नाही. असल्या माणसाला लोक समंजस म्हणतात. तो नुसता भित्रा होता, कडक इस्त्रीतला भित्रा. आजचा पांढरा शर्टही सकाळी तिनेच इस्त्री करून दिला होता.

फोन वाजला.

"शरयू, जरा घाम सुटलाय गं," पुढच्या डब्यातून प्रभाकर म्हणाला.

त्याने सकाळी शुगरची गोळी घेतली होती आणि उद्घाटनाच्या भाषणांपायी जेवायचं राहिलं होतं. शेंगदाण्याच्या लाडवांची डबी शरयूच्या पर्समध्ये होती. साहेबांमध्ये डबी घेऊन बसणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानेच ती तिच्याकडे सोपवली होती. आधी घाम येतो, मग जीभ जड होते, मग माणूस उठत नाही. एकदा तिने त्याला स्वयंपाकघराच्या फरशीवरून उचललं होतं. ती ताडकन उठली.

"कुठं चालल्या बाई?" दाराशी बसलेल्या ढोबळे गार्डने विचारलं.

"पुढे. माझ्या नवऱ्याची शुगर उतरलीय."

"जा ना बापा. पन मधल्या डब्यातून सावकाश जायचं हाय. पळाल तर नियम मोडते."

"मोडला तर मोडला!"

"मोडतच नाही," ढोबळे म्हणाला. "मी पळून पाह्यलं."

मधल्या डब्यात ती पाऊल टाकी तसं पुढे एक नवं बाक येई, एक नवा दांडा येई, आणि दांड्याला प्लास्टिकचं वेष्टन असे. ती पळाली. पदर पळाला, चपला पळाल्या, पण मागे वळून पाहिलं तर ढोबळे हाताच्या अंतरावर तंबाखू मळत बसला होता. तिच्या शेजारच्या खिडकीत अजून ती शेळी होती. पार पुढच्या खिडक्यांतून भलत्याच बाभळी मागे जात होत्या.

तिने फोन लावला. "अहो, उठा आणि इकडे निघा."

"निघतो. पण साहेब बसा म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे."

"मग काय करताय?"

"दोन्ही," तो म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती.

तिला त्याची किळस आली. जीव जायची वेळ आली तरी हा एक बाजू धरेना! आणि तो गेलाच तर, या विचाराने तिने पर्समधून डबी काढून उघडली.

तेवढ्यात दूरवरून त्याचा हात येताना दिसला. इस्त्रीची पांढरी बाही एकेका दांड्याला वळसा घालत, बाकांवरून सरकत आली. तळवा तिच्यासमोर येऊन उघडला. तो गार होता आणि घामाने ओला होता. शरयूने त्यावर लाडू ठेवला. मूठ मिटली, आणि शरयूची दोन बोटंही मुठीत सापडली.

"अहो, बोटं सोडा."

"सोडतो," तो म्हणाला आणि मूठ आणखी घट्ट झाली.

मग हात परत फिरला. तो तोंडाकडे निघाला आणि शरयू होती तिथेच राहिली. तिचं मनगट पुढे गेलं, मागोमाग कोपर गेलं. हिरव्या बांगड्या खिडकीमागून खिडकी ओलांडत लांब गेल्या, शेवटी त्यांचा आवाजही येईना. खांदा दुखत नव्हता, त्याचाच तिला राग आला. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली तेच आता ती करत होती, थांबली होती आणि जातही होती.

बऱ्याच वेळाने बोटांना त्याची मिशी लागली. मग ओठ लागले. ते मिटलेले होते.

"तोंड उघडा," ती फोनवर ओरडली. "अहो, तोंड उघडा!"

मागच्या डब्यातल्या बायकांनी वळून पाहिलं. फोनमध्ये घसा खाकरल्याचा आवाज आला.

"उघडू का?" प्रभाकरने विचारलं.

तिच्या बोटांखालचे ओठ हलले नव्हते.