उंबरठ्याऐवजी ‘जर’

स्पेसबारखाली बिस्किटाचा कण अडकला होता. बटण दाबलं की अर्धंच खाली जायचं आणि कर्र वाजायचं. ती टाचणीने तो कण उकरत बसली होती — खरं तर तो निघू नये असंच तिला वाटत होतं, कारण निघाला की कामाला लागावं लागणार होतं. काम म्हटलं तर पाच मिनिटांचं. शोधा, बदला, सगळीकडे बदला.

कालच्या बैठकीत ठरलंच होतं. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला जी छोटीशी भाषा तिने घडवली होती, तिच्यातले शब्द मुलांना कळत नव्हते. टीमच्या हेडने सांगितलं तेही प्रेमानेच सांगितलं. “अगं, शब्द देखणे आहेत, कोण नाही म्हणतंय? पण पोरं ‘उंबरठा’ वाचतात आणि स्क्रीनवर दार शोधत बसतात! सरळ ‘जर’ लिही की. अगदीच पटत नसेल तर परवापर्यंत येऊन भांड माझ्याशी.” सगळे हसले. तीही हसली. हसण्यावारी नेलं की निदान डोळे कोरडे राहतात.

ते शब्द बाबांचे होते.

बाबांचा उभा जन्म शाळेत भाषा शिकवण्यात गेला, आणि लेकीच्या कामाला ते ‘यंत्राची हमाली’ म्हणायचे. बोलणं औषधं आणि लाइटबिलापुरतं उरलेलं. मग एकदा जेवताना ती सहज म्हणाली, बाबा, अट पुरी झाली तरच पुढे जायचं, याला एखादा शब्द सांगा ना... त्यांचा घास हातातच राहिला. “उंबरठा,” म्हणाले, आणि मग थांबेचनात. तेच ते पुन्हा करायचं तो रहाट. एखादी किंमत धरून ठेवायची ती ओंजळ. कामाचं उरलं नाही ते टाकायचं ती पानगळ — या पानगळीवरून तर आठवडाभर जुंपली होती दोघांची, डाळ करपेपर्यंत. “झाड पानं फेकून देतं का गं? गरज संपली की सोडतं. तुझं यंत्र काय करतं?” यंत्रही सोडतंच, बाबा. हरले मी. त्या हिवाळ्यात, चाळिशी उलटल्यावर, मला पहिल्यांदा बाप मिळाला — हे काय बैठकीत सांगायचं?

कण निघाला. तिने ‘सगळीकडे बदला’ दाबलं.

प्रोग्रॅम बिनतक्रार चालला, कुठे अडला नाही, हेच तिला लागलं. निदान एखादी चूक तरी दाखवायची होतीस मेल्या... आणि मग खाली सरकताना चूक दिसली, तिचीच. टिपा वगळायच्या राहिल्या होत्या. यंत्र वाचत नाही, पुढे प्रोग्रॅमला हात लावणाऱ्या माणसाला समजावं म्हणून लिहितात, त्या टिपा. बाबा बोलायचे आणि ती जसंच्या तसं टाइप करायची. ‘उंबरठा अडवत नाही, विचारतो,’ असं होतं तिथे आता होतं, ‘जर अडवत नाही, विचारतो.’ त्याखाली, रहाटाच्या जागी ‘पुन्हा’ बसून, ‘पुन्हा रिकामा वर आला तरी फिरायचं थांबत नाही.’ नवशिक्याने करावी अशी चूक! ती एकटीच खो खो हसली, आणि हसता हसता नाक पुसायला लागली. मग सगळं मागे घेऊन, टिपा वगळून, पुन्हा बदललं. आता टिपा अशा शब्दांविषयी बोलत होत्या, जे प्रोग्रॅममध्ये नव्हतेच.

घरी जाताना तिने मनाशी ठरवून टाकलं. बाबा चिडणार. दुकानाच्या पाटीवर एक शब्द चुकीचा होता म्हणून वाण्याशी दोन वर्षं अबोला धरणारा माणूस हा — चिडणारच, ताट सारणार, नाही नाही ते बोलणार. आणि ते चिडले की मी उद्या जाऊन हेडशी भांडेन, एकेक शब्द परत आणेन. फक्त त्यांनी चिडायला हवं.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. त्या हिवाळ्यानंतरच्या आजारपणापासून खुर्ची मोठी झाल्यासारखी वाटायची.

“बाबा, आपले शब्द काढले आज. मुलांना कळत नव्हते.”

“कुठले गं?”

“उंबरठा, रहाट... सगळेच.”

आता चिडतील... आता, असं ती मनाशी म्हणत होती.

“उंबरठ्याऐवजी काय घातलंस?”

“जर.”

“जर,” त्यांनी म्हणून बघितलं. “बरा आहे. छोटा आहे. पोरांना सोपा जाईल.”

“तुम्हाला चालेल? राग नाही आला?”

“राग कशाला? तू केलंस म्हणजे ठीकच असेल.”

हे एक वाक्य ऐकायला तिने काय काय केलं होतं — पहिले नंबर, नोकऱ्या, ही भाषासुद्धा. तेव्हा ते आलं नाही, आणि आज आलं, इतकं मऊ, इतकं सहज, की ते तिला नकोसं झालं. भांडा ना, बाबा. चुकलीस म्हणा. एकदा तरी ‘हमाली’ म्हणा... पण ते हात मांडीवर ठेवून शांत बसले होते, कशावरच हक्क न सांगता, आणि उद्या भांडायचं की नाही हे आता तिचं तिनेच ठरवायचं होतं. तिने त्यांच्या पायांवरची शाल नीट केली. बाप समोर बसलेला असताना तिला पोरकं वाटत होतं.