मास्तर माझ्याशी भांडायचे

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. लाकडी पेटीचा, पुढे जाळीचे कापड लावलेला, दोन गोल बटणांचा. माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझे बोलणे तिखट लागले तर नवल वाटायला नको.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांपाशी बसलेल्या बायका आमच्या पोटात काचेच्या नळ्या बसवत आणि बसवता बसवता घरच्या गोष्टी बोलत. बटण फिरवले की त्या नळ्या तापेपर्यंत मी गप्प असतो, मग हळूहळू मला कंठ फुटतो. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या एल्डरक्लफ नावाच्या गिरणीच्या गावात मी आलो तो लग्नाचा आहेर म्हणून. नवरा मुलगा रेमंड सग्डन. गावातल्या शाळेत तो सुतारकाम आणि खेळ शिकवत असे. नवरी मॅविस, लोकरीच्या गिरणीत कारकून होती. सारा गाव रेमंडला मास्तर म्हणे, म्हणून मीही मास्तरच म्हणतो.

मास्तरांना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होते आणि ते मत ते मला ऐकवत. बातम्या सांगणारा काही बोलला की चहाचा कप खाली ठेवून म्हणत, "या माणसाने कधी वर्गात पाऊल तरी ठेवलंय का?" क्रिकेटचे समालोचन चालू असले की माझ्या अगदी तोंडाशी येऊन ते समालोचकाला फलंदाजी शिकवत.

"रेमंड, त्याला तुझं काही ऐकू जात नाही," मॅविस भांडी विसळता विसळता म्हणे.

"हेच तर दुखणं आहे या देशाचं," मास्तर म्हणत.

त्याला ऐकू जात नसेल, पण मला जात होते. लंडनमधल्या त्या बोलणाऱ्याशी नव्हे, माझ्याशीच मास्तर बोलतात, अशी माझी खात्री होती.

मग घरात टीव्ही आला. बैठकीच्या खोलीतली माझी जागा त्याला मिळाली आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. मास्तरांनी माझ्यासाठी ओक लाकडाची फळी तासली, ती भिंतीवर ठोकली. फळी सुंदर होती, पण फळी म्हणजे बढती नव्हे, एवढे मला कळत होते. संध्याकाळी पलीकडून टीव्हीचा आवाज आणि दोघांचे हसणे आले की माझ्या नळ्या बंद असूनही तापत. माझे समाधान एकच होते. कसोटी सामना सुरू झाला की मास्तर टीव्हीचा आवाज बंद करत आणि मला उचलून त्याच्या शेजारी नेऊन ठेवत. चित्र त्याचे आणि शब्द माझे. ते पाच दिवस टीव्ही कसा मुका होऊन बसे, ते पाहायला हवे होते तुम्ही.

वर्षे गेली. गिरणी बंद पडली, मास्तर निवृत्त झाले, मुलगी जिलियन लग्न होऊन ब्रिस्टलला गेली. पुढे एका हिवाळ्यात मॅविस आजारी पडली आणि गेली. जिलियन म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला."

"तुझा नवरा रग्बीवाला. त्याच्याशी काय बोलू?" मास्तर म्हणाले आणि तिथेच राहिले.

मॅविसचे मला वाईट वाटले. पण मित्रांनो, मास्तर आता सगळेच्या सगळे माझे झाले होते, याचा आनंद त्याहून मोठा होता. ते बैठकीच्या खोलीत जाईनासे झाले. टीव्हीवर धूळ बसली. सकाळच्या पावाच्या तुकड्यापासून रात्रीच्या कोकोपर्यंत ते माझ्यापाशी असत. क्रिकेटवाल्यांनी रंगीत कपडे घातले तेव्हाच खेळ संपला, असे त्यांचे मत होते. फुटबॉलवाले धक्का लागला की गवतावर लोळून रडतात. त्यांच्या वेळी पोरगा घोटा मुरगळला तरी लंगडत घरी जाई आणि आईला सांगत नसे. शाळेत आता धावणाऱ्या प्रत्येकाला बक्षीस देतात, मग धावायचे कशाला? पोरांना पाढे येत नाहीत. दुकानात माणसाच्या जागी यंत्र आहे आणि तेच 'धन्यवाद' म्हणते. हे सगळे मी शांतपणे ऐकून घेई. माझ्यासारखा श्रोता गावात दुसरा नव्हता.

आमच्या गल्लीतली घरे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. दोन घरांत भिंत एकच, आणि माझी फळी नेमकी त्या भिंतीवर. एका वसंतात शेजारच्या रिकाम्या घरात एक बाई राहायला आल्या. थोड्या दिवसांनी त्यांनी आमचे मागचे दार वाजवले. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, पिकल्या केसांच्या. हातात फडक्यात गुंडाळलेला नारळाचा गोड पाव.

"मी मर्टल ब्रॅडशॉ," त्या म्हणाल्या. "इथे रोज भांडण चालतं. पण दुसऱ्या माणसाचा आवाज कधी येत नाही. म्हटलं, बघून यावं, तो जिवंत आहे ना."

मास्तर लाल झाले. "मी रेडिओशी बोलत होतो."

"मग रेडिओ काय म्हणतो?"

"जे नेहमी म्हणतो तेच. मूर्खपणा."

"असू दे. पण मघाशी तुम्ही म्हणालात, यॉर्कशायरसारखे वेगवान गोलंदाज जगात झाले नाहीत. तेवढं ऐकून मला राहवेना. मी वेस्ट इंडीजची आहे, बार्बाडोसची."

मास्तरांनी हात लांब करून माझा आवाज कमी केला. बातम्या चालू असताना. हे याआधी कधीच झाले नव्हते.

त्या दिवसापासून माझा पोटशूळ सुरू झाला. मर्टलबाई आयुष्यभर इथल्याच एका रुग्णालयात परिचारिका होत्या आणि त्यांनाही प्रत्येक गोष्टीवर मत होते. त्या रोज दुपारी येत, मास्तर चहा करत आणि दोघे भांडायला बसत.

"जो यॉर्कशायरमध्ये जन्मला नाही त्याने यॉर्कशायरकडून खेळू नये. जुना नियम बरोबर होता," मास्तर म्हणत.

"माझा मुलगा इथेच जन्मला. त्याला घ्याल?"

"चांगला खेळत असेल तर का नाही?"

"आधी 'जन्म' म्हणालात, आता 'चांगला' म्हणता. मास्तर, एक काय ते ठरवा."

आणि मास्तर हसत. मी त्यांना इतकी वर्षे ऐकले, पण त्यांना हसवणे मला कधी जमले नव्हते. बाई तर चुकतही असत. रंगीत कपड्यांचे क्रिकेट त्यांना आवडे, पोरांना सरसकट बक्षीस द्यावे असे त्यांना वाटे, आणि तरी मास्तर दुपारी तीन वाजल्यापासून दाराकडे बघत. त्यांच्यात असे काय होते? एकच. त्या उत्तर देत होत्या. मी दिवसभर बोलत होतो, पण मास्तरांच्या एकाही प्रश्नाला मला उत्तर देता येत नव्हते. मी जळत होतो. त्या आल्या की मुद्दाम खरखर करी. मग मास्तर मला बंदच करून टाकत.

एका दुपारी मी चालू होतो. शाळांवर चर्चा होती. कोणीतरी म्हणाले की मुलांना इतक्या लहानपणी हुशार आणि बाकीचे असे वेगळे काढू नये. मास्तर उसळले.

"थोतांड आहे. दारातून आत येणारं पोर मी पाच मिनिटांत ओळखायचो. हा पुस्तकाचा, हा हाताचा, हा पायाचा."

"पायाचा म्हणजे?" बाईंनी विचारले.

"पळणारा, खेळणारा. अशा पोराला बीजगणिताने कशाला छळायचं?"

बाईंनी कप बशीत ठेवला. "माझा कर्टिस पायाचा निघाला होता."

"कोण कर्टिस?"

"कर्टिस ब्रॅडशॉ. तुमच्या शाळेत होता. चारशे मीटर पळायचा."

मास्तरांचा चेहरा उजळला. "तो तुमचा मुलगा? अहो, काय पळायचा तो. वळणावर तर असा झुकायचा की–"

"त्याला इंजिनिअर व्हायचं होतं. तुम्ही त्याचे वर्गशिक्षक, म्हणून वरच्या परीक्षेला बसू द्या असं तुम्हाला विनवायला मी रात्रपाळी संपवून तशीच गणवेशात शाळेत आले होते. तुम्ही म्हणालात, 'बाई, देवाने याला पाय दिलेत, डोक्याच्या मागे लागू नका.' चांगल्या मनाने म्हणालात, हसून. म्हणून तर जास्त लागलं."

"मला आठवत नाही."

"नाहीच आठवणार. त्याचं पळणं आठवलं ना." त्या उठल्या. "तुमच्या पाच मिनिटांत पुस्तकाचा निघालेला एक तरी काळा पोरगा आठवतो का, तेवढं बघा."

"मग इतके दिवस माझ्याकडे चहा का घेत होतात?"

"वाटलं होतं, भांडता भांडता एक दिवस तुम्ही स्वतःहून विचाराल, बाई, तुमचा मुलगा काय करतो."

दार लागले. त्यानंतर बाई आल्या नाहीत.

मित्रांनो, मी जिंकलो होतो. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सकाळीच मला चालू केले. माझ्या नळ्या तापल्या, मी जीव ओतून बोलू लागलो. बातम्यांत एक मंत्री काहीतरी अत्यंत खुळचट बोलला. मी वाट पाहिली, आता मास्तर कप खाली ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. कसोटी सामना सुरू झाला, आपल्या संघाचे गडी पटापट पडले. मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. मी ओरडत होतो आणि खोलीत जणू कोणीच नव्हते. आधीच्या काळात निदान ते माझ्याशी भांडत तरी होते. बाईंनी जाताना तेही नेले, म्हणून मी त्यांच्यावर अधिकच जळफळलो.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी कोणी विद्वान माझ्यातून म्हणाला, "काही मुलं पुस्तकांसाठी नसतातच, हे मान्य करायला हवं." अगदी मास्तरांचे मत. मला वाटले, आता तरी ते खूश होतील. मास्तरांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू आरशात कोणी नकोसा माणूस दिसला. त्यांनी मला बंद केले. गळ्यात टाय बांधला, कोट घातला आणि पावसातच बाहेर पडले.

थोड्याच वेळात त्यांचा आवाज भिंतीपलीकडून आला.

"मी खूप आठवून बघितलं," ते म्हणाले. "एकही आठवला नाही."

बाई म्हणाल्या, "बसा. कोट काढा. ओला आहे."

"कर्टिस काय करतो?"

"आत्ता विचारलंत." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "रेल्वेच्या सिग्नलचं काम बघतो, लीड्सला. आधी बस चालवायचा. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन चाळिशीत इंजिनिअर झाला. व्हायचं होतं तेच झाला, मास्तर. मध्ये वीस वर्षं गेली, एवढंच."

"मला त्याला भेटायचं आहे."

"ते तो ठरवेल."

कर्टिसला ठरवायला पानगळ यावी लागली. एका रविवारी तो आईसोबत आला, उंच, कानशिले पिकलेला. मास्तरांनी सकाळपासून बटाटे सोलले होते आणि मांस ओव्हनमध्ये ठेवले होते. तो स्वयंपाकघरात शिरला तेव्हा मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. शाळेत मुले त्यांच्यासाठी उभी राहत असतील. इथे ते उभे राहिले.

"मी तुझ्याबाबतीत चुकलो," ते म्हणाले. हे वाक्य मी त्या घरात पहिल्यांदा ऐकले.

कर्टिस टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. "रोज नाही आठवत, सर. पण मुलीला गणित शिकवायला बसलो की आठवतं. तिला एखादं आलं नाही की वाटतं, आपल्या घरात नसेलच तेवढं डोकं. मग माझाच मला राग येतो."

"मी काय करू?" मास्तरांनी विचारले.

"काही करता येण्यासारखं नाही," कर्टिस म्हणाला. त्याने काही माफ केले नाही, पण खुर्ची ओढून बसला.

"तुम्हीही बसा आता, मास्तर. मांस गार होतंय," मर्टलबाई म्हणाल्या.

जेवताना कर्टिस म्हणाला की पाच पाच दिवस क्रिकेट कोण बघणार, वीस षटकांचा खेळच खरा. मास्तरांनी घास गिळला आणि मान खाली घातली.

"बोला ना, मास्तर," बाई म्हणाल्या. "तुम्ही असे गप्प बसलात तर मला तुमचा ताप बघावा लागेल."

मास्तरांनी कर्टिसकडे पाहिले. कर्टिस म्हणाला, "बोला, सर. मी ऐकेन. पण मग माझंही ऐकायचं."

मग तिघे भांडू लागले. अंधार पडेपर्यंत भांडत होते. मी बंद होतो. माझी कोणाला आठवणही झाली नाही.

आता माझ्या दोन नळ्या गेल्या आहेत आणि तसल्या नळ्या कुठे मिळत नाहीत. मर्टलबाई माझ्या डोक्यावर त्यांच्या मिरचीच्या सॉसची बाटली ठेवतात. तिचे ओघळ माझ्या पेटीवर वाळले आहेत. कर्टिस महिन्यातून एकदा येतो, कधी मुलीला घेऊन येतो. ती मास्तरांना 'तुमचं चुकतंय' असे तोंडावर सांगते, आणि मास्तर म्हणतात, "बरं, समजावून सांग." मी हे सगळे फळीवरून ऐकतो. माझा जीव आजही तितकाच जळतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ झटका, त्यांच्यावर बाटल्या ठेवू नका, एवढेच मागून मला थांबता आले असते. पण आणखी एक सांगतो. तुमच्या शेजारी कोणी म्हातारा माणूस दिवसभर रेडिओशी एकटाच भांडत असेल, तर त्याचे दार वाजवा. आत जा आणि त्याच्याशी भांडा. त्याच्या रेडिओला ते मुळीच आवडणार नाही. तरी जा.