नवव्या भागातला वाघ

‘रानवाघ’चा नववा भाग यूट्यूबवर आलाय. बारामतीत बसून मी माझ्या चॅनेलवर पिक्चरची सालटी काढतो, म्हणून चार माणसं मला ओळखतात. असला पिक्चर म्हणजे माझी चंगळच! आफ्रिकेचं घनदाट जंगल म्हणे, आणि वाघामागं इंदापूरचा ऊस अन् ठिबकच्या नळ्या. आफ्रिकेत वाघ आला कुठून, हे विचारायची सोय नाही. हिरोचे केस तर भागागणिक जास्तच काळे होतायत.

पण ह्या वेळी परीक्षण कसलं डोंबलाचं करू? वाघाच्या कातड्यात माझा दोस्त अविराज आहे. प्रत्येक भागात तोच वाघ, आणि प्रत्येक भागात शेवटी गोळी खाऊन मरायचा. ह्या भागाचं शूटिंग संपवून घरी निघाला आणि इंदापूरजवळ हायवेवर ट्रकनं उडवलं. बांधूनच आणला त्याला. त्याच्या आईला, इंदिराकाकूंना, आम्ही तोंडसुद्धा बघू दिलं नाही. बघण्यासारखं राहिलंच नव्हतं.

आधीचे भाग बघताना गोळीच्या वेळी काकू कधीच थांबायच्या नाहीत. “आईनं बघू न्हाय आसलं,” म्हणत ओट्यावर जाऊन बसायच्या. मग अविराजच हसत त्यांना बोलवायला जायचा. काल त्यांनी मला सांगवीला घरी बोलावून घेतलं.

“मोबाइलवर लाव. आज समदं बघती.”

“काकू, शेवट नका बघू.”

“शेवटच बघायचाय मला. माझ्या लेकराचा कुणी दावलाच न्हाय.”

मी भाग लावला. गोळी सुटली. वाघ कोलमडला, आडवा झाला. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. छातीवर पाय द्यायला हिरो वाघाकडं निघाला, तेवढ्यात काकू मोबाइलवर वाकल्या.

“रतन, पोट हालतंय बघ! श्वास हाय त्याचा!”

खरंच हालत होतं. मेलेला वाघ धापा टाकत होता. एरवी ह्या चुकीवर मी महिनाभर चॅनेल चालवला असता. आता रडू आवरेना.

“थांब, थांब, पुढं नगं नेऊस! त्यो पाय दील त्याच्यावर!”

मी घाईनं बोट ठेवलं. चित्र थांबलं, आणि वाघाचं पोटही थांबलं.

काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. “आरं देवा, हे काय केलंस? चालू कर, रतन, चालू कर त्याला!”