शप्पथ सुटली

शिबिर संपायला दोन दिवस राहिले होते आणि आमरसासाठी मुलांनी नम्रताच्या मागे धोशा लावला होता.

पोशीरचं नवज्योत तरुण मंडळ दर उन्हाळ्यात खालापूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या एखाद्या गावात मुलांसाठी शिबिर घ्यायचं. आजूबाजूच्या वाड्यांवरची चौथी ते सातवीची मुलं यायची. शाळेच्या वर्गांत झोपायचं, सकाळी कवायत आणि गणित, दुपारी कागदकाम, संध्याकाळी कबड्डी. यंदा शिबिर करंबेवाडीच्या शाळेत होतं. मंडळात मुलींना घ्यायला नुकतीच सुरुवात झाली होती आणि जेवणाखाण्याची सगळी जबाबदारी पहिल्यांदाच एका मुलीकडे, म्हणजे नम्रताकडे आली होती. ती कर्जतच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. ‘पोरगी आहे, चूलच सांभाळणार’ असं कुणी म्हणू नये म्हणून सकाळचा गणिताचा तासही ती हट्टाने स्वतः घ्यायची.

स्वयंपाकाला गावातल्याच विमलबाई होत्या. रसाचं नाव काढताच त्यांनी मान हलवली.

“एवढ्या उन्हाचा रस करून ठेवू नको गं. दूध घातलेला रस लगेच फिरतो.”

“ठेवायचा कुठे, मावशी? केला की वाढायचा.”

पण त्या दिवशी नेमका गॅस संपला. पोळ्या अर्ध्यावर राहिल्या, सिलिंडर येईपर्यंत जेवण लांबलं आणि रसाचं पातेलं तासभर तसंच ओल्या फडक्याखाली राहिलं. नम्रताने वाढण्याआधी चाखून पाहिला. गोड होता, गार होता. मुलांनी वाट्या चाटून पुसून संपवल्या.

जेवणं होऊन थोडाच वेळ झाला असेल. सहावीतला किरण शाळेच्या मागे जाऊन ओकायला लागला. पोराने हावरटपणा केला असेल, असं नम्रताला वाटलं. तिने त्याचं तोंड धुतलं, त्याला सावलीत निजवलं, तोवर वर्गातून दुसरा पोट धरून बाहेर आला. मग दोन मुली. बघता बघता नऊ मुलं आडवी झाली. कुणी ओकतंय, कुणी पोट धरून रडतंय. रस, एवढंच नम्रताच्या डोक्यात होतं.

मंडळाचा अध्यक्ष देवेश खोपोलीच्या कारखान्यातून रजा काढून शिबिरासाठी आला होता. त्याने रस्त्यावरचा भाजीचा टेंपो थांबवला. मुलांना मागे सतरंजीवर घातलं आणि दोघं त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात पोचले. बाकीची मुलं विमलबाई आणि मंडळाच्या इतर पोरांवर सोपवली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात झपाझप चालत होते. “काय खाल्लं होतं?” त्यांनी विचारलं.

“आमरस,” नम्रता म्हणाली. “मी केला होता. दूध होतं त्यात. जेवायला उशीर झाला, तासभर तसाच राहिला.” कुणी विचारण्याआधीच तिने सगळं सांगून टाकलं.

नऊच्या नऊ जणांना सलाईन लागली. खाटा कमी पडल्या, तशी दोन-दोन मुलं एकेका खाटेवर निजवली. मग आईबाप येऊ लागले. किरणचा बाप सहदेव शेतातून तसाच आला होता, पायाला माती होती. मुलाच्या हातातली सुई पाहून त्याचा तोल गेला.

“जेवणाचं कोन बघत व्हतं?”

नम्रताने देवेशकडे पाहिलं. देवेशने जमिनीकडे पाहिलं. “जेवणाचं नम्रता बघते,” तो म्हणाला आणि नळावरून पाणी आणायला म्हणून बाहेर गेला.

“तुमच्या भरवशावर पोरं सोडली आमी,” सहदेव म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. “झेपत नाय तर करता कशाला गं ह्ये?”

नम्रता किरणच्या खाटेजवळ बादली धरून उभी राहिली.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला बोलावलं. “रस किती जणांनी खाल्ला?”

“सगळ्यांनी. चाळीसएक मुलं आहेत.”

“तू?”

“दोन वाट्या.”

“मग तुला काही कसं झालं नाही? बाकीच्या मुलांना काही झालंय?”

नम्रताने विमलबाईंना फोन लावला. बाकीची सगळी ठणठणीत होती. खेळायचं बंद करून गप्प बसली होती, एवढंच.

“हे रसाचं दिसत नाही मला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या नऊ जणांनी आणखी काहीतरी खाल्लंय. ते कळलं तर बरं. नाहीतर मी नुसती अंधारात वाट बघणार.”

दोघींनी मुलांना विचारलं. समजावून विचारलं, दटावून विचारलं. कुणी बोलेना. किरणने तर तोंड भिंतीकडे केलं.

तेवढ्यात विमलबाईंचाच फोन आला. “अगं, ती चौथीतली रिया टाकीच्या मागं बसलीय. उलटी नाय, ताप नाय, पन हात लावला की रडते. आमच्याशी बोलत नाय. तू येतेस का?”

नम्रता मागाहून दवाखान्यात आलेल्या मंडळाच्या एका पोराच्या मोटरसायकलवर शाळेत परतली.

रिया पाण्याच्या टाकीच्या मागे गुडघ्यांत तोंड खुपसून बसली होती. नम्रता तिच्या शेजारी मातीतच बसली.

“किरण मरनार काय?” रियाने गुडघ्यांतूनच विचारलं.

“नाही गं. डॉक्टर आहेत ना. पण त्यांना कळायला हवं, त्याने काय खाल्लं ते.”

“मला नाय सांगता येत.”

“का?”

“शप्पथ घातलीय. आईची.” रियाने आता मान वर केली. रडून रडून डोळे सुजले होते. “सांगितलं तर आई मरेल.”

तिची आई महामार्गावरच्या हॉटेलात भाज्या चिरायला होती. सकाळी जायची, अंधार पडता घरी यायची. असं काही नसतं, म्हणणं सोपं होतं. पण या पोरीने सगळी दुपार एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला नऊ मुलं अशी तोलत काढली होती. तिला नुसतं ‘नसतं’ म्हणून भागणार नव्हतं.

“शप्पथ सोडवता येते,” नम्रता म्हणाली. “आम्ही लहानपणी सोडवायचो. माझा हात धर. आता तीनदा म्हण, शप्पथ सुटली.”

“खरंच सुटते?”

“माझी किती वेळा सुटलीय. माझी आई बघ, पोशीरला धडधाकट आहे.”

रियाने हात धरला. “शप्पथ सुटली. शप्पथ सुटली. शप्पथ सुटली.” मग म्हणाली, “पहिलं आईला फोन लाव.”

नम्रताने फोन लावला. पलीकडे भांड्यांचा गोंगाट होता. “काय गं, बाय? जेवलीस ना?” आईने विचारलं. रियाने “हां” म्हटलं, आवाज नीट ऐकून घेतला आणि फोन नम्रताच्या हातात परत दिला. मग एका दमात सांगितलं.

शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योतीची झाडं होती. तिचा देठ मोडला की चीक येतो, त्याचे फुगे उडवता येतात. सकाळी देवेशदादाने सगळ्यांना ते फुगे उडवायला शिकवलं होतं. जेवणाला उशीर होता, म्हणून किरणबरोबर काही मुलं पुन्हा तिथेच गेली. खाली वाळलेली फळं पडली होती. किरणने एक फोडलं, आतली बी खाल्ली आणि म्हणाला, शेंगदाण्यासारखी लागते. जो खाईल तो आपल्या टोळीत. त्याने चार खाल्ल्या, बाकीच्यांनी एकदोन.

“आणि तू?”

“मी तोंडात घातली नि मागं जाऊन थुंकली. मला टोळीत घ्यायला हवं व्हतं, पन भ्या वाटलं.”

नम्रता पळतच कुंपणाकडे गेली. काळ्या बियांची फोडलेली टरफलं तिथे तशीच पडली होती. तिने तिथूनच दवाखान्यात फोन लावला.

“चंद्रज्योत!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज सैल झाला. “उन्हाळा-हिवाळा, वर्षातून एकदोनदा येतातच अशी पोरं. किती खाल्ल्या?”

“किरणने चार. बाकीच्यांनी दोन-दोन, एकेक.”

“ठीक आहे. ओकून पडल्यात बऱ्याचशा. पाणी कमी पडू द्यायचं नाही, बस. आजची रात्र ठेवते, उद्या घरी जातील. आणि बाई, तुझ्या रसाचा काही दोष नाही.”

फोन ठेवून नम्रता कुंपणाशीच खाली बसली. उठवेना. विमलबाई धावत आल्या, त्यांना वाटलं आता हिलाही झालं.

“रसाचं नव्हतं, मावशी. रसाचं नव्हतं!”

विमलबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्याही शेजारी बसल्या. “मी दुपारपासनं तेच धरून बसले व्हते. पातेलं मी घासलं व्हतं ना गं. म्हटलं, माझ्याच हातनं साबण राहिला असंल.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग विमलबाईंना हसू फुटलं आणि नम्रताला रडू.

दवाखान्यात परत आल्यावर नम्रताने देवेशला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. फुग्यांचं सुद्धा. तो कट्ट्यावर बसला. चेहरा उतरला होता.

“म्हणजे मी नेलं त्यांना तिथे.”

“फुगे उडवायला नेलंस. बिया खायला नाही.”

“पण खाऊ नका, असंही नाही म्हटलं.” त्याने दाराकडे पाहिलं. “आणि मघाशी मी तुझ्याकडे बोट दाखवलं.”

“दाखवलंस.”

“चुकलो.”

“पुढच्या वेळी शेजारी उभा राहा, म्हणजे झालं.”

देवेश उठला आणि खाटांजवळ बसलेल्या आईबापांपुढे जाऊन उभा राहिला. “पोरांना त्या झाडांशी मी नेलं होतं,” तो म्हणाला. “जेवणात काही नव्हतं. नम्रताला बोललात, ते माझ्यामुळे ऐकावं लागलं तिला.”

सहदेवने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

“फुगं आमीपन उडवलं लहानपनी. पन बी खायची नाय, ह्ये आमच्या आयनं सांगितलं व्हतं. तुमी सांगितलं नाय, न् आमीपन आमच्या पोरांना कदी सांगितलं नाय.” तो नम्रताकडे वळला. “तू बस गं आता. मगापासनं उभीच हायस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊही मुलं उठून बसली होती आणि भूक लागल्याची तक्रार करत होती. त्यांना मऊ भात मिळाला, तर किरण म्हणाला, नुसता भात काय, लोणचं तरी द्या. ते ऐकून सहदेव एवढ्या मोठ्याने हसला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मंडळाचा नेहमीचा कार्यक्रम असायचा. एका मुलाला किंवा मुलीला ‘शिबिराचा मानकरी’ म्हणून बिल्ला मिळायचा. मोठ्या वर्गात गेलं की ते मूल मंडळाचं बाल सदस्य व्हायचं. देवेशने यंदा रियाचं नाव सुचवलं. सगळ्यांनाच ते पटलं.

रियाला मात्र नाही. नम्रताने तिला सांगितलं, तशी ती घाबरली. “नको ताई. मग सगळी म्हनतील, मी फोडलं. चुगलखोर म्हनतील. मला बिल्ला नको.”

नम्रताला पोरीचं म्हणणं बरोबर वाटलं. मोठ्यांच्या टाळ्या दोन मिनिटांच्या, शाळा मात्र वर्षभराची. रियाचं नाव मागे घ्यायचं, असं ठरवून ती वर्गातून बाहेर पडली. व्हरांड्यात किरण एकटाच बसला होता. दोन दिवसांत त्याचे गाल बसले होते.

“ताई, रियानंच सांगितलं ना?”

नम्रताला खोटं बोलायचं नव्हतं. “तुला राग आलाय?”

किरणने मान हलवली. “मी खाटंवर मनात म्हनत व्हतो, कुनीतरी सांगा, कुनीतरी सांगा. पोटात लय दुखत व्हतं. पन शप्पथ मीच घातलेली. मग मी कसा सांगनार?” त्याने नाक पुसलं. “ती बोलली तवा बरं वाटलं.”

“हे तिला सांगशील?”

“सांगितलं पन. सकाळीच. ती म्हनाली, तू खोटं बोलतोस.” मग त्याने विचारलं, “बिल्ला तिला मी लावू काय?”

कार्यक्रमाला सगळ्या वाड्यांवरची माणसं आली होती. देवेशने माईकवर फार काही सांगितलं नाही. “रियाने सगळ्यांच्या उपयोगी पडेल असं काम केलं,” एवढंच तो म्हणाला. तेवढ्यावरही मुलांमध्ये कुजबुज झाली. रिया मान खाली घालून पुढे आली. मग किरण उठला, ताटातला बिल्ला उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्या फ्रॉकला लावायला लागला. त्याला पिन उघडता येईना. उघडली तर ती तिच्या खांद्याला टोचली.

“आई गं! नीट लाव की रं!” रिया माईकसमोरच ओरडली.

आधी मुलं हसली, मग आयाबाया, मग सगळी शाळा. रियासुद्धा हसली. किरण लाल झाला, पण त्याने बिल्ला लावूनच सोडला. जागेवर जाताना त्याच्या टोळीतल्या एका पोराने शिट्टी मारली आणि सरकून रियाला आपल्या शेजारी जागा करून दिली.

मुलं आपापल्या वाड्यांना गेली तेव्हा दुपार कलली होती. मंडळाच्या पोरांनी कुंपणाखालची फळं झाडून पोत्यात भरली. सतरंज्यांच्या घड्या घालता घालता नम्रता वर्गातच, उरलेल्या एका सतरंजीवर, जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली.

बाहेर नळावर देवेश मोठी पातेली घासत होता. एक पातेलं हातून निसटून दगडावर खणकन आपटलं. विमलबाईंनी दारातूनच त्याला हाताने दटावलं.

“हळू रं! झोपलीय ती.”